वाचक विचारतात : एमएक्स-५ घ्यावी, जीआर८६ की मधल्या इंजिनाची?

गेल्या अंकात मी म्हटले होते, की परवडणारी स्पोर्ट्स कार निवडताना ताकदीचा आकडा सगळ्यांत शेवटी बघा. आधी वजन बघा, ते वजन गाडीत कुठे ठेवले आहे ते बघा, मग टायर बघा. काहींना हे पटले, काहींना अजिबात नाही. पत्रे भरपूर आली. पहिल्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण त्यातला प्रश्न नीट उलगडला की पुढच्या बऱ्याच पत्रांचे काम सोपे होते.

प्रश्न : ताई, नमस्कार. माझ्यासमोर दोन गाड्या आहेत : माझदाची दोन लिटरची एमएक्स-५ आणि टोयोटाची जीआर८६. कागदावर जीआर८६ सरस दिसते. ताकद जास्त, डोक्यावर पक्के छप्पर, मागे नावापुरत्या का होईना दोन सीट. दोन्ही चालवून पाहिल्या. वळणावर एमएक्स-५ इतकी कलली की मी चपापलो. जीआर८६ त्याच वळणावरून अगदी सपाट निघाली. तरी घरी आल्यापासून डोक्यात एमएक्स-५च घोळते आहे. मी भुललो आहे का?

उत्तर : नाही. तुमच्या हातांना आणि कमरेला जे कळले ते बरोबर आहे, डोक्याला त्याचे कारण सापडलेले नाही एवढेच.

आधी त्या कलण्याबद्दल. वळणात गाडीचे वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकते. किती सरकायचे हे ठरते गाडीच्या वजनावर, गुरुत्वमध्य जमिनीपासून किती उंच आहे त्यावर, डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतरावर आणि तुम्ही वळण किती जोरात घेता त्यावर. स्प्रिंग मऊ आहे की कडक, याने त्या एकूण सरकण्यात फार फरक पडत नाही. म्हणजे जी गाडी जास्त कलते तिची पकड कमी, हे समीकरण खरे नाही. कलणे ही वजन सरकल्याची दिसणारी खूण आहे. माझदाने ही खूण जाणूनबुजून राखली आहे. कडक स्प्रिंग आणि जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणे रोखणारी दांडी) लावून गाडी सपाट करणे त्यांना अवघड नव्हते.

खरे बघायचे ते किती कलते हे नव्हे, कशी कलते हे. एमएक्स-५ वळणात शिरताना एका संथ, सलग हालचालीत बाहेरच्या बाजूला बसते आणि तिथे थांबते. ती बसते आहे तोवर तुम्हाला कळत असते, की पुढच्या बाहेरच्या टायरवर आता किती भार आला. पुढच्या वेळी चालवाल तेव्हा स्टिअरिंग झटक्याने न फिरवता पहिला थोडासा भाग हळू फिरवा, गाडी बाहेरच्या चाकावर बसू द्या आणि मग उरलेले वळण द्या. ज्या कलण्याने तुम्ही चपापलात तेच कलणे तुम्हाला वेळेचा अंदाज देऊ लागेल.

आता जीआर८६. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढे सुबारूचे बॉक्सर इंजिन आहे, त्याचे सिलिंडर आडवे झोपलेले, त्यामुळे वजन खाली राहते. छप्पर पक्के असल्याने सगळा सांगाडा घट्ट आहे. २०१२मध्ये आलेल्या तिच्या आधीच्या पिढीत, म्हणजे जीटी८६मध्ये, दोन लिटरचे २०० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि त्याची एक खोड प्रत्येक मालकाला ठाऊक होती : तीन हजार आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) पुढे टॉर्क, म्हणजे इंजिनाचा पिळण्याचा जोर, खाली बसायचा आणि साडेचार हजारांच्या आसपास परत यायचा. वळणातून बाहेर पडताना पाय दाबावा आणि नेमक्या त्या खड्ड्यात सापडावे, असे व्हायचे. नव्या गाडीत इंजिन २.४ लिटरचे झाले, ताकद २३५ अश्वशक्तीच्या घरात गेली आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क ३७०० आरपीएमलाच मिळू लागला. नेमका जिथे खड्डा होता तिथे. ही सुधारणा आकड्यांत दिसते त्याहून पायाला कितीतरी मोठी वाटते.

मग फरक कुठे आहे? एक, वजनात. तुमची एमएक्स-५ साधारण १०५० किलोंची, जीआर८६ साधारण १२७०ची. दोन, तुम्ही बसता कुठे यात. एमएक्स-५चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर, २३१० मिलिमीटर, जीआर८६चा २५७५. एमएक्स-५मध्ये तुमची पाठ जवळजवळ मागच्या चाकांना टेकलेली असते. मागचा भाग जरासा सरकला तरी तो डोळ्यांच्या आधी कमरेला कळतो. जीआर८६मध्ये तुम्ही गाडीच्या मध्याच्या जवळ असता, गाडी तुमच्याभोवती फिरते. ते सुंदर आहे, अचूक आहे, पण ती जाणीव पुरेशी स्पष्ट व्हायला वेग जास्त लागतो. स्टिअरिंगचा पहिला प्रतिसाद जीआर८६चाच तीक्ष्ण आहे, यात वाद नाही. बंद ट्रॅकवर, जिथे वेगाला जागा आहे तिथे, मी जीआर८६च्या बाजूने उभी राहीन. साध्या वळणदार रस्त्यावर, मर्यादेत राहून, रोजच्या वेगात जी गाडी वजनाची प्रत्येक हालचाल जाणवून देते ती एमएक्स-५.

तिसरी गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एमएक्स-५मध्ये गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागापर्यंत) ॲल्युमिनियमची एक लांब चौकट जाते. १९८९च्या पहिल्या गाडीपासून ही रचना आहे. ॲक्सिलरेटर दाबला किंवा सोडला की एरवी गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल आपापल्या रबरांवर थोडे पिळले जातात आणि त्या पिळात प्रतिसादाचा एक क्षण जातो. इथे दोघे एकमेकांना बांधलेले असल्याने तो क्षण जात नाही. तुम्हाला पाय आणि मागची चाके यांच्यात काही अंतरच नाही असे वाटले असेल, तर त्याचे कारण हे.

तुम्ही दोन लिटर म्हणता, म्हणून एक सुचवते. तुमच्याकडे दीड लिटरची मिळत असेल तर ती एकदा चालवाच. १३१ अश्वशक्ती, नाकावर थोडे कमी वजन, अरुंद टायर, आणि वरपर्यंत मोकळेपणाने पळणारे इंजिन. मला ती दोघींमध्ये जास्त आवडते. दोन लिटरचीच घ्यायची तर २०१८ किंवा त्यानंतरची बघा. त्या वर्षी १६० अश्वशक्तीचे इंजिन १८४वर गेले आणि ६८०० आरपीएमची मर्यादा ७५००वर. आधीचे इंजिन जोर असूनही वर गेल्यावर थकल्यासारखे वाटायचे, आताचे वर जायला आतुर असते. त्याच सुधारणेत स्टिअरिंग पुढे-मागे सरकवायची सोयही आली आणि उंच माणसांसाठी ती फार महत्त्वाची आहे. तुमची उंची तुम्ही कळवलेली नाही. सीटवर बसल्यावर नजर काचेच्या वरच्या चौकटीवर येत असेल किंवा गुडघा स्टिअरिंगला लागत असेल, तर वर लिहिलेले सगळे विसरा आणि जीआर८६ घ्या. आखडून बसलेल्या शरीराला गाडीचे काहीच कळत नाही.

तसे नसेल, तर एमएक्स-५ घ्या.

प्रश्न : जुन्या फियाट १२४ स्पायडरची चौकशी करतो आहे. ती एमएक्स-५च आहे, फक्त कपडे वेगळे, असे सगळे सांगतात. मग चालवताना वेगळी का वाटली?

उत्तर : सांगणारे अर्धे खरे सांगतात. २०१६मध्ये आलेली ही गाडी एमएक्स-५च्याच सांगाड्यावर, माझदाच्याच हिरोशिमाच्या कारखान्यात बनायची. सस्पेन्शनचा, म्हणजे चाके तोलून धरणाऱ्या स्प्रिंग-दांड्यांचा, हिशेब वेगळा होता आणि इंजिन फियाटचे होते : १.४ लिटर, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबून जोर वाढवणारा), १४० अश्वशक्ती, २४० न्यूटन मीटर. एवढा टॉर्क पेलायला गिअरबॉक्ससुद्धा आधीच्या पिढीच्या एमएक्स-५चा घेतला होता.

माझ्या मते कोणत्याही लेखापेक्षा ही जोडी जास्त शिकवते, कारण सांगाडा तोच असताना इंजिनामुळे काय बदलते ते इथे वेगळे काढून दिसते. टर्बो इंजिन खालूनच ढकलते. २२५०च्या आसपास पूर्ण टॉर्क हातात येतो, त्यामुळे एकाच गिअरमध्ये लांबवर जाता येते आणि रोजच्या रस्त्यावर १२४ जास्त जलद वाटते. पण वळणाच्या मध्यावर तुम्ही पाय केसभर दाबता तेव्हा एमएक्स-५ केसभरच उत्तर देते. १२४ आधी थोडी थांबते आणि मग मागितल्यापेक्षा जास्त देते. हलक्या गाडीत वळणातला समतोल बराचसा त्या पायावरच सांभाळायचा असतो, म्हणून हा फरक मला मोठा वाटतो. लांबच्या प्रवासासाठी, निवांत चालवण्यासाठी १२४ उत्तम आहे. वळणांसाठी घेत असाल तर बिनटर्बोची घ्या.

प्रश्न : ताई, आजच्या इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये जीव नाही असे जुने लोक म्हणतात. ही नुसती हळहळ आहे की त्यात तथ्य आहे? लोटस एलिसचे एवढे कौतुक का होते?

उत्तर : तथ्य आहे. स्टिअरिंगमधून नेमके काय कळायला हवे ते आधी सांगते.

वळणात पुढचा टायर स्वतःला सरळ करायला बघतो आणि तो जोर तुमच्या हातांना जाणवतो. वळण कसत नेले की जोर वाढतो. पण टायरची पकड संपण्याच्या जरा आधी हा जोर वाढायचा थांबतो आणि कमी होऊ लागतो. पकड अजून शिल्लक असते, तेवढ्यात स्टिअरिंग मात्र हलके व्हायला लागलेले असते. ही सूचना वेळेवर मिळाली तर तुम्ही शांतपणे पाय थोडा सैल करता आणि काहीच घडत नाही. नाही मिळाली, तर पुढची चाके घसरल्यावरच कळते.

विहिरीत पोहरा सोडताना तो पाण्याला टेकला की वाकून बघावे लागत नाही, दोर सैल पडला की हाताला कळते. चांगले स्टिअरिंग तसे असते. मध्ये मदतीची मोटर आली, तिने सगळे ओझे आपल्या अंगावर घेतले, की दोर सैल पडल्याचे तिला कळते आणि तुम्हाला कळत नाही. चांगल्या अभियंत्यांनी यातही मार्ग काढले आहेत. आताच्या एमएक्स-५मध्ये मोटर स्टिअरिंगच्या दांड्यावर न ठेवता खाली, चाके वळवणाऱ्या रॅकजवळ ठेवली आहे, आणि जीआर८६चे स्टिअरिंग तर अचूकतेत तिच्याही पुढे आहे. पण ते हलके होणे दोन्हींत पुसट कळते.

एलिसचे कौतुक यासाठी, की तिथे मधे कुणीच नाही. १९९६ची पहिली एलिस सव्वासातशे किलोंच्या आसपास होती. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या चिकटवून केलेला तिचा सांगाडा एकटा ६८ किलोंचा. इंजिन मागे, पुढच्या चाकांवर वजन कमी आणि पुढचे टायर फक्त १८५ मिलिमीटर रुंद, म्हणून पॉवर स्टिअरिंगची गरजच पडली नाही. २०२१मध्ये उत्पादन थांबेपर्यंत तिला ते कधी दिले गेले नाही. गाडी ताकदीने आणलेली नाही, ११८ अश्वशक्तीचे रोव्हरचे १.८ लिटर इंजिन होते. तरीही रस्त्याचा पोत बदलला, ओल आली, डांबराचा जोड आला, सगळे बोटांत येते. परवडण्याच्या यादीत एलिस आता बसत नाही, हे मला मान्य आहे. पण कुणाची ओळखीत असेल तर शेजारी न बसता एक फेरी स्वतः चालवायला मागा. त्यानंतर बाकी गाड्यांची स्टिअरिंग तुम्ही वेगळ्या कानाने ऐकाल.

माझ्याकडे पहिल्या पिढीची १.६ लिटरची, बिनपॉवर स्टिअरिंगची एमएक्स-५ आहे. उभी करताना दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो, खांदे भरून येतात. चालत्या गाडीत मात्र ते ओझे नाहीसे होते आणि उरते ती माहिती. माझी सवय अशी, की नवी कोणतीही हलकी गाडी चाचणीला आली की आधी अर्धा तास ही चालवायची, हात जागे करायचे आणि मग नवीत बसायचे.

प्रश्न : आतापर्यंत पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्याच चालवल्या आहेत. टोयोटाची शेवटची एमआर२ चांगल्या स्थितीत मिळते आहे. मधल्या इंजिनाची गाडी अचानक फिरते अशी भीती घातली जाते. घेऊ का?

उत्तर : गाडी चांगली आहे, भीतीही खरी आहे, आणि दोन्ही एकाच कारणामुळे.

१९९९ ते २००७ या काळातल्या त्या एमआर२चे वजन सुमारे हजार किलो, इंजिन १.८ लिटर, १४० अश्वशक्ती. गाडीतली सगळ्यांत जड वस्तू मधोमध, तुमच्या पाठीमागे. दोन्ही टोकांना वजन कमी असल्याने गाडीला फिरायला फार जोर लागत नाही, म्हणून वळणात ती चटकन नाक आत घालते. पण ज्याला फिरायला जोर लागत नाही त्याला फिरत राहायलाही लागत नाही. पुढे इंजिन असलेल्या एमएक्स-५चा मागचा भाग सुटला तर तुमच्याकडे सावरायला जेवढा वेळ असतो, तेवढा एमआर२मध्ये नसतो.

आणि पुढच्या चाकांच्या गाडीची तुमची सवय इथे थेट उलटी पडते. तिथे वळणात वेग जास्त झाला, नाक बाहेर जाऊ लागले, की पाय उचलायचा आणि गाडी सावरते. एमआर२मध्ये वळणाच्या मध्यावर पाय झटकन उचलला की भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात, आणि तिथेच तर सगळे वजन आहे. शेपूट बाहेर येते. गाडी सगळ्यांत जास्त फिरते ती घाबरून पाय उचलल्यावर.

म्हणून घ्या, पण असे करा. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत संपवा. वळणात शिरताना पाय ॲक्सिलरेटरवर हलका ठेवलेला असू द्या. वेग जास्त वाटलाच तर पाय हळूहळू सैल करा, एकदम उचलू नका. हे रस्त्यावर शिकू नका. मोकळ्या बंद जागेत, ओल्या जमिनीवर, प्रशिक्षक शेजारी बसवून शिका. ओल्या जमिनीवर हे सगळे कमी वेगात घडते आणि पायाला नवी सवय लागते. मागच्या टायरचे वय आणि खोली घेण्याआधी तपासा. पुढचे नवे आणि मागचे झिजलेले, अशा अवस्थेत मधल्या इंजिनाची गाडी मी कुणालाही चालवायला देणार नाही.

होंडा एस२०००चा विचार करणाऱ्या दोन वाचकांनाही हेच सांगते, जरी तिचे इंजिन पुढे असले तरी. ९००० आरपीएमपर्यंत जाणारे ते इंजिन अद्भुत आहे, पण सुरुवातीच्या गाड्यांत सस्पेन्शन दबले की मागच्या चाकांचा कोन बदलायचा आणि मागचा भाग अचानक सुटायचा. होंडाने पुढे त्याची भूमिती सौम्य केली. नवशिक्याने नंतरचीच घ्यावी.

प्रश्न : माझ्या एमएक्स-५ला १९५चे (१९५ मिलिमीटर रुंद) टायर आहेत. २२५चे लावले तर ग्रिप वाढेल ना? दुकानदार आग्रह करतो आहे.

उत्तर : ग्रिप थोडी वाढेल, गाडी बिघडेल. टायरवर भार जितका वाढतो तितकी त्याची प्रत्येक किलोमागची पकड थोडी घटते, म्हणून जड गाडीला रुंद टायर लागतो. तुमच्या गाडीचा भारच कमी आहे. रुंद टायर आणि मोठे चाक म्हणजे सस्पेन्शनच्या टोकाला लटकणारे जादा वजन, जड आणि बोथट स्टिअरिंग. शिवाय मर्यादा अशा वेगाला जाऊन बसते जिथे तुम्ही रस्त्यावर कधी जाऊच नये. पहिल्या जीटी८६ला टोयोटाने २१५चे साधे, कमी घर्षणाचे टायर मुद्दाम दिले होते, गाडी कमी वेगातही हलती राहावी म्हणून. पैसे खर्च करायचेच असतील तर १९५ आकारातच चांगल्या प्रतीचा टायर घ्या आणि हवा दर पंधरवड्याला थंड टायरवर तपासा. हलक्या गाडीत दोन पीएसआयचा फरक हाताला कळतो.

प्रश्न : माझ्याकडे सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट आहे, १.४ टर्बो. हलकी आहे, मजा येते. मित्र म्हणतात ही स्पोर्ट्स कारच नव्हे. विकून एमएक्स-५ घ्यावी का?

उत्तर : ९७० किलो, १४० अश्वशक्ती आणि रोज चार माणसे नेणारी गाडी. मित्रांचे ऐकू नका. पुढचीच चाके ओढणार आणि वळवणार, त्यामुळे वळणातून निघताना पाय आणि स्टिअरिंग एकमेकांच्या आड येतात आणि मागचा भाग पायाने हलवण्याचे सुख इथे मिळत नाही. त्याची ओढ लागली असेल तर एमएक्स-५ घ्या. नसेल तर ही ठेवा आणि वळणाच्या आत शिरताना शेवटचा थोडासा ब्रेक हळूहळू सोडत जायची सवय करा. पुढच्या टायरवर भार टिकतो, नाक आत येते, मागचा भाग हलकासा फिरून मदत करतो. तुमच्या गाडीत हे सुरेख जमते. महिनाभर एवढे करून पाहा आणि मग मला पुन्हा लिहा.